रूथ आत्याचा उलटा कप

आज चर्चमध्ये माझ्या आत्याचं फार कौतुक झालं. ती मेल्यामुळे ते जमलं.

रूथ आत्या. जाऊन आज वर्ष झालं.

पाळकसाहेब म्हणाले, "अशा निष्ठावंत भगिनी आता होणे नाही." मागे फ्लेक्स. त्यावर आत्याचा फोटो, आणि तिच्या नावापेक्षा मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव मोठं.

याच मंडळीने तिला बावीस वर्षं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, दिलं नाही.

का? तर मारणाऱ्या नवऱ्याला सोडून ती भानुदासकाकांबरोबर राहायला लागली. काका मार्केट यार्डात टेम्पो चालवतात. हिंदू. नवऱ्याने शेवटपर्यंत घटस्फोट दिला नाही, म्हणून लग्न नाही.

कमिटीतल्या एका अंकलच्या मुलाचं दुसरं लग्न मात्र याच चर्चमध्ये लागलं. ड्रोन वगैरे होता. बिर्याणी चांगली होती, मी दोनदा घेतली. असो.

प्रभुभोजनाला द्राक्षरसाचे छोटे काचेचे कप वाटतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते धुवायचं काम कोणाकडे? आत्याकडे.

मी एकदा चिडून विचारलं, "आत्या, पिऊ देत नाहीत, मग धुतेस कशाला?"

"हात चालतात रे त्यांना माझे. तोंड चालत नाही."

धुऊन झालं की ती ट्रेमध्ये एक कप उलटा ठेवायची.

"हा कोणाचा?"

"माझा. बोलावतील तेव्हा सरळ करीन."

शेवटी कर्वेनगरच्या खोलीत ती पडून होती. तिने पाळकसाहेबांना निरोप पाठवला, एकदा घरी येऊन प्रभुभोजन द्या. उत्तर आलं, "कमिटीत विषय घेऊ."

कमिटी बसली तेव्हा आत्याला पुरून आठवडा झाला होता.

पण त्याआधी तिने मला विचारलं होतं.

"तू आण की एक कप. शर्टाच्या खिशात घाल."

"बाइकवर सांडेल गं."

खरं कारण सांगू? मित्रांबरोबर गोकर्णला निघालो होतो. आणि चर्चमधून कप घेऊन सगळ्यांच्या देखत बाहेर पडायला फाटली होती माझी.

म्हणजे मी काय वेगळा?

आज पुन्हा पहिला रविवार. ट्रे आमच्या बाकावर आला.

सगळे कप भरलेले. एक उलटा.

ट्रे धरलेल्या अंकलना विचारलं, "हा असा कोणी ठेवला?"

त्यांनी ट्रेकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "अरे, मीच भरलेत. सगळे सरळ होते."

मी तो उचलला. आतून ओला होता. आणि गरम, नुकताच गरम पाण्यातून काढल्यासारखा.

मी तो सरळ केला. माझ्या वाट्याचा रस त्यात ओतला. खिशात उभा ठेवला आणि उठलो.

"अरे ए, कप घेऊन कुठे?"

"द्यायचाय एकीला."

सगळं चर्च बघत होतं. पाळकसाहेबसुद्धा. गाणं मध्येच बारीक झालं. कोणी अडवलं नाही.

स्वारगेटला नेहमीचं ट्रॅफिक. एका पीएमटी बसने असा कट मारला की मी ब्रेकवर उभाच राहिलो. नंतर तीन खड्डे. म्हटलं, गेलं सगळं. खाली बघायची हिंमत होईना.

दफनभूमीत भानुदासकाका आधीच आले होते. आत्याच्या कबरीवर शेवंती ठेवत होते.

मी खिशातून कप काढला.

रिकामा.

"सांडलं का रे?" काका म्हणाले.

मग त्यांचं लक्ष माझ्या शर्टाकडे गेलं. पांढरा शर्ट. काकांनी खिशात बोटं घालून बघितलं.

कोरडा. एक डाग नाही.

काकांनी चप्पल काढली आणि उन्हात तसेच उभे राहिले.

घरी येऊन चार तास झाले. शर्ट समोर खुर्चीवर आहे. अजून बघतोय.

वर्षभर उशीर केला, आत्या. माफ कर.

कप तुझ्यापाशीच ठेवलाय. सरळ.

सलाम.