सी-सातच्या काकांची भानामती

स्वतःच्या बाजूने फिरलेला वाद शेवटच्या क्षणी हरून दाखवायचा, ही कला अख्ख्या लातुरात एकाच माणसाला साधली आहे आणि तो माणूस माझ्या डोक्यावर, सी-सातमध्ये राहायचा. मी चळवळीत वाढलेली मुलगी आहे. सतराव्या वर्षापासून पत्रकं लिहिते, चौकात वाटते, पोलिसांनी हिसकावली तर दुसरी छापते. पत्रकात आधी धिक्कार करायचा, मग मागणी आणि शेवटी इशारा, हे माझं व्याकरण. अशा मुलीच्या नशिबी सहकारी म्हणून काय यावं, तर अहमदपूरच्या कॉलेजात पस्तीस वर्षं फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहाय्यक राहिलेला, मोजल्याशिवाय शिंकही न देणारा हा म्हातारा! मी लिहिलेलं पहिलंच पत्रक त्यांना वाचायला दिलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "माय, उद्गारचिन्हं सतरा हायत. पुरावे किती हायत?"

मोजणं हा काकांचा श्वास होता. गच्चीच्या कठड्याला त्यांनी ओळंबा लावून ठेवला होता आणि दर एक तारखेला कठडा किती कलला ते ते भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे. चहा कपात ओतला की आधी थर्मामीटर बुडवायचा, मग ओठ. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले की काकांच्या खिशातून स्टॉपवॉच निघायचं. मार्केट यार्डात आडतीचं दुकान चालवणारे आमचे अध्यक्ष एकदा चिडून म्हणाले, "काका, मी काय शर्यतीत पळून राहिलो का?" तर काका शांतपणे म्हणाले, "न्हाई. सव्वीस मिनिटं झाली, तुम्ही जागचे हलले न्हाईत." अख्खी सभा हसली. अध्यक्ष हे विसरले नाहीत. विसरतील कसे? आमच्याकडे पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही हे लोक संध्याकाळपर्यंत विसरतात, पण चारचौघांत हसू झालं हे पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

तर मुद्दा तळघराचा. आमच्या इमारतीच्या तळघरात पूर्वी सायकली असायच्या. लातुरात बाहेरगावची लेकरं डॉक्टर व्हायला येतात, त्यांना बसायला जागा लागते, म्हणून समितीने ते तळघर एका अभ्यासिकावाल्याला दिलं. त्याने एसी लावला, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून वरच्या तिन्ही झरोक्यांना प्लायवूड ठोकलं. चाळीस लेकरं सकाळी सातपासून त्या बंद डब्यात! कुणालाही संताप यावा. मला आलाच. काकांना संताप आला नाही, त्यांना शंका आली. ते म्हणाले, जमिनीतून, खडकातून एक वायू निघतो, रेडॉन. रंग नाही, वास नाही. उघड्यावर उडून जातो, पण बंद तळघरात साचतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर कॅन्सरचा धोका वाढवतो. मी लगेच पेन उघडलं. 'लेकरांच्या छातीत विष!' एवढं लिहूनही झालं. काकांनी कागदावर तळहात ठेवला. "थांब. आपला खडक काळा. यात कमीच असंल. पण कमी म्हंजे किती, ते मोजल्याबिगर मी कसं सांगावं, अन् तू कसं छापावं?"

सभेत त्यांनी झरोके उघडायची आणि मोजणी करायची अशा दोन मागण्या मांडल्या. त्यावर जे झालं ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. "वास येत नाही, दिसत नाही, मग हाय कशावरून?" असं एक इंजिनिअर बोलला. इंजिनिअर! अध्यक्ष म्हणाले, "बिल्डिंगला दहा वर्षं झाली. मेलं का कुणी?" काका म्हणाले, "कुणी मरायची वाट बघून मोजायचं असतं का, शेठ?" सेक्रेटरी वहीतून मान न काढता म्हणाल्या, "विषय नामंजूर. पुढचा विषय, गणपतीचा मांडव." चाळीस लेकरांच्या हवेला या लोकांनी तीन मिनिटं दिली. हा आकडाही काकांच्याच स्टॉपवॉचचा.

मग काकांनी आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. विद्यापीठातल्या एका ओळखीच्याकडून त्यांनी चार पेले मागवले. साधा प्लास्टिकचा पेला, तोंडाला पातळ पडदा, आत फिल्मचा छोटा तुकडा. तो तीन महिने छताला टांगायचा, हात लावायचा नाही. वायूच्या कणांचे बारीक ओरखडे त्या फिल्मवर पडतात, ते नंतर प्रयोगशाळेत मोजतात. काकांनी समितीला चार पानी अर्ज दिला, त्यात आकृतीसुद्धा काढली. तो कुणीही वाचला नाही. सेक्रेटरीबाईंनी त्यावर शिक्का मारून पोहोच दिली आणि कपाटात टाकला. मग एका रविवारी, अभ्यासिका बंद असताना, भर दुपारी काकांनी स्टुलावर चढून चारही पेले टांगले. दोरा म्हणून कै. काकूंच्या शिवणाच्या डब्यातलं काळं रीळ घेतलं. पेल्यांवर आकडे लाल शाईने घातले. त्या दिवशी अवस होती हे त्यांच्या गावीही नव्हतं, कारण त्यांच्या कॅलेंडरवर फक्त सिलिंडरच्या तारखा असायच्या.

काळा दोरा, लाल खुणा, उलटे पेले, अवसेचा दिवस. आमच्या मुलखात याला काय म्हणतात ते मी वेगळं सांगायला नको. मंगळवारी झाडूवाल्या मावशींनी वर बघितलं आणि बुधवारपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळलं की तळघरात भानामती झाली. एका पोराचे चाचणीत गुण घटले होते, ते भानामतीने. लिफ्ट अडकली, ती भानामतीने. अध्यक्षांचा गुडघा धरला, तोही! सेक्रेटरीबाईंनी निलंग्याच्या कुण्या जाणत्याला फोन लावला. तो म्हणाला, कोंडलेली जागा हाय, ऊन-वारा खेळू द्या, आपसूक निघून जाईल. आणि ज्या समितीला एका माणसाचा पस्तीस वर्षांचा अनुभव ऐकायला तीन मिनिटं जड झाली होती, तिने अर्ध्या तासात तिन्ही झरोक्यांचं प्लायवूड उपटलं. पेल्यांना मात्र कुणी हात लावेना. खाली लिंबं ठेवली.

मी लाजत नाही, खरं सांगते, मला आनंद झाला. रागही आला, पण झरोके उघडे होते! खाली ऊन पडत होतं. मी धावत वर गेले. "काका, तुम्हाला हात जोडते, गप बसा. काम झालंय."

काका थर्मामीटर पुसत होते. "कसं झालं?"

"कसं का असेना! भानामतीनं झालं म्हणा!"

"मग माय, तू चौकात उभी राहून अंधश्रद्धेवर पत्रकं वाटती, ती कामून वाटती?"

"ते वेगळं!"

"कसं वेगळं? भीतीनं उघडलेला झरोका, भीती गेली का बंद होतो."

आठ दिवस मी त्यांना थोपवून धरलं. नवव्या दिवशी सभा होती. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मांत्रिकाला सोसायटीत बोलवायचं का यावर चर्चा चालली होती. काका उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात त्या अर्जाची पोहोच. सगळ्यांना जयभीम घालून ते म्हणाले, "मांत्रिक बोलवू नका. ही भानामती माझी हाय. अर्ज दिला होता, आवक क्रमांकासकट."

मग जो गोंधळ झाला! अध्यक्षांचा गुडघा त्याच क्षणी बरा झाला, ते ताडकन उभे राहिले. "लोकाला येड्यात काढून राहिला काय, काका?" आणि कळस म्हणजे, ज्या बाईंनी निलंग्याला फोन लावला होता त्यांनीच काकांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करायची सूचना मांडली. मांडली! अनुमोदनही मिळालं! मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, काय ओरडले ते इथे छापण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी प्लायवूड परत आलं. चारपैकी तीन पेले कचऱ्यात गेले. काका म्हणाले होते तस्संच झालं.

पण नऊ दिवसांची हवा लेकरांनी खाल्ली होती. औशाची एक पोरगी सुताराच्या शिडीखाली जाऊन उभी राहिली. "सर, उघडं होतं तवर माझं डोकं दुखलं न्हाई. आता परत बंद केलं तर मी घरी जाते." तिच्यामागे आणखी दहा-बारा जण उभे राहिले. अभ्यासिकावाला चपापला. मी काकांना कोपराने ढोसलं, बोला, आता बोला, रेडॉनचा पुरावाच समोर उभा आहे! आणि या माणसाने काय सांगावं? "पोरी, डोकं रेडॉननं दुखत न्हाई. ते शिळ्या हवेनं दुखतं. रेडॉनचं मला अजून ठाऊक न्हाई."

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. मधला झरोका उघडा राहिला, तो त्या पोरीमुळे. बाजूचे दोन अजून बंदच आहेत.

दिवाळीनंतर काकांना जिना चढवेना, आणि लेकीने त्यांना नांदेडला नेलं. निघताना त्यांनी उरलेला एक पेला माझ्या हातात दिला. तुळईच्या आडोशाला होता म्हणून तेवढा वाचला होता. आत नवी फिल्म घातलेली. "जुनीचा उपयोग न्हाई. मधी नऊ दिवस सगळं उघडं होतं, आकडा खोटा आला असता. नव्यानं टांग. तारीख लिही." काळं रीळही देत होते. मी म्हटलं, काका, पांढरा दोरा चालेल का? ते पहिल्यांदाच मोजून न बघता हसले.

पेला आता तळघरात टांगलेला आहे. खाली मी कागद चिकटवलाय: हे वायू मोजायचे साधन आहे, कृपया हात लावू नये. त्यात एकही उद्गारचिन्ह नाही. सेक्रेटरीबाई तरीही जाता-येता त्याला गुपचूप हात जोडतात. नांदेडहून रोज संध्याकाळी फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. "पेला हलला न्हाई ना?" एवढंच. मी न्हाई म्हणते, आणि ते फोन ठेवतात. वर सी-सातला कुलूप आहे. एक तारखेला मी गच्चीवर जाते, ओळंबा बघते, आणि त्यांच्या आकड्यांखाली भिंतीवर माझ्या अक्षरात आकडा लिहिते. पत्रकाचा कागद टेबलावर कोराच पडला आहे. फिल्म निघायला अजून एकोणीस दिवस आहेत. तोवर मला ठाऊक नाही.