मामांचं नाव काढलं तर

कवळीवाला माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला बोल लावाल. लावलात तरी हरकत नाही म्हणा, तो स्वतःच स्वतःला रोज लावतो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका खिडकीची खोली घेऊन तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर मंडळी जबड्यांचे साचे पाठवायची, हा मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. दिवसभर लोकांच्या हसण्याची तयारी करायची आणि रविवारी मात्र शहराबाहेरच्या धावपट्टीवर पळायचं. तिथे त्याचं आणि त्याच्या मामांचं मिळून एक विमान होतं.

विमान म्हटल्यावर लगेच डोळे विस्फारू नका. दोन सीटचं, पुढे एक पंखा, दारं ओढून लावावी लागायची. मामांनी जन्मभर लेथ चालवली. निवृत्त झाल्यावर लोक हातपाय पसरून बसतात, यांनी कुणीतरी भंगारात काढलेला सांगाडा आणला आणि तीन वर्षं खपून तो उभा केला. भाच्याने रंगकाम केलं, अर्धे पैसे घातले. त्याला पहिल्यांदा हवेत नेलं तेही मामांनीच. तेव्हा भीतीने याची दातखीळ बसली होती, आणि त्यावरून मामा अजून चिडवायचे, “भाचेराव, धंदा दातांचा आणि स्वतःचेच उघडता येईनात!”

घोड्याने पेंड खाल्ली ती विम्यापाशी. विम्याचा कागद असल्याशिवाय धावपट्टीवाले विमान हँगरबाहेर काढू देत नाहीत. इतकी वर्षं ज्या कंपनीकडे विमा होता, तिने छोट्या विमानांचे विमे उतरवणंच बंद केलं. मग कवळीवाल्याने फोनवर फोन लावले. एकाने विचारलं, “दुचाकी की चारचाकी?” विमान म्हटल्यावर त्याला वाटलं कुणी टवाळी करतंय, त्याने फोनच आपटला. ज्यांनी आकडे सांगितले, त्यांचे आकडे ऐकून घाम फुटावा. त्यात घरात मुलीच्या कॉलेजचा खर्च नुकताच सुरू झालेला. विमान विकावं लागतंय की काय, असं त्याला वाटायला लागलं.

सातव्या एजंटाने विचारलं, “चालवणार कोण कोण?”

“मी आणि माझे मामा.”

“मामांचं वय?”

“चौऱ्याहत्तर.”

“अहो, मग तिथेच तर सगळं अडलंय! मामांचं नाव काढलं तर हप्ता थेट निम्म्यावर. मालक म्हणून राहू देत की. फक्त उडवायचं नाही.”

फक्त! कवळीवाला विचार करतो म्हणाला आणि अर्ध्या तासात स्वतःच फोन करून हो म्हणून बसला.

मालक दोघं, म्हणून सह्याही दोघांच्या लागणार होत्या. तो फॉर्म घेऊन हँगरमध्ये गेला. मामा चाकापाशी उकिडवे बसले होते.

“तू फॉर्म वाचलायस ना?” मामांनी विचारलं.

“वाचलाय.”

“मग झालं तर. सही कुठे करू ते दाखव.”

त्याने बोट ठेवलं, मामांनी सही केली आणि पुन्हा चाकाला लागले. तिथल्या तिथे सांगायला काय झालं होतं? पण नाही. चहा पिताना सांगू म्हणाला, चहा झाला. निघताना सांगू म्हणाला, निघालाही.

रविवारी मामा टोपी चढवून हजर. “आज मी नेतो. तू बाजूला बस आणि गप्प बस.”

आता आली का पंचाईत! मामांना उडवू द्यावं तर विमा नाही, कुठे धडकलं तर दोघांची घरं विकावी लागतील. खरं सांगावं तर मामांच्या चेहऱ्याकडे कसं बघायचं? त्याच्या तोंडून निघून गेलं, “आज नको, मामा. काल चालू करून बघितलं. उजव्या मॅग्नेटोवर इंजिन अडखळतंय.”

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग. ते दोन असतात, डावा आणि उजवा, आणि उडण्याआधी एकेकावर इंजिन चालवून आवाज ऐकायचा असतो. दुसऱ्या कुणाला अशी थाप मारली असती, तर तो मिस्त्रीला बोलवा म्हणून घरी जाऊन झोपला असता. या शहाण्याने ती मारली जन्मभर यंत्रांत गेलेल्या माणसाला, आणि तीही त्याने स्वतः उभ्या केलेल्या इंजिनाबद्दल! मामांनी टोपी खुंटीला अडकवली आणि बाह्या सरसावल्या.

पहिल्या आठवड्यात प्लग साफ झाले. दुसऱ्या आठवड्यात तारा बदलल्या. तिसऱ्यात मॅग्नेटो खोलून टेबलावर फडक्यावर मांडला, भिंगाखाली पाहिला, पुन्हा जोडला. प्रत्येक वेळी इंजिन चालू करून मामा मान तिरकी करून ऐकायचे.

“मला तर साफ वाटतंय. तुला?”

आणि कवळीवाला, ज्याला ते इंजिन शिवणयंत्रासारखं सुरळीत ऐकू येत होतं, म्हणायचा, “किंचित आहे अजून.”

दुसरं काय म्हणणार? साफ आहे म्हटलं की मामा टोपी घालणार. एका बुधवारी तर मामाच म्हणाले, “तू एकटा एक फेरी मारून ये. तुझे कान तरुण आहेत, वर गेल्यावर नीट कळेल.” हा गेला. वर हवा स्वच्छ होती, विमान हातात लोण्यासारखं चालत होतं, आणि खाली मामा हँगरच्या दारात कपाळावर हात धरून वर बघत उभे होते. उतरल्यावर त्याने पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवशी त्याला स्वतःची शिसारी आली.

“मामा किती वाळलेत हो,” बायको म्हणाली. “चाललंय काय तुमचं तिथे?”

त्याने आधी तिच्यावरच आवाज चढवला, मग बसकण मारून सगळं सांगून टाकलं.

“आजच्या आज जाऊन सांगा.”

“आधी दोघांचा विमा मिळवतो. मग सांगतो. नुसतं कसं सांगू?”

“तुम्ही ना,” ती म्हणाली, “स्वतःची कातडी आधी बघता.”

लागलं ते त्याला, कारण खरं होतं. मग मात्र तो झपाटल्यासारखा फोनला चिकटला. अखेर छोट्या विमानांच्या मालकांनी मिळून चालवलेल्या एका विमा मंडळातल्या बाई भेटल्या. त्यांनी वय विचारलं आणि तिथेच थांबल्या नाहीत. मामांनी किती तास उडवलंय? गेल्या वर्षी किती? कधी काही मोडलंय का?

“एक खिळासुद्धा नाही,” कवळीवाला म्हणाला.

“मग अडचण कसली? दरवर्षी एकदा शिक्षकाबरोबर उडून दाखवायचं, आणि काही झालंच तर नुकसानीतला थोडा जास्त वाटा तुम्ही उचलायचा. मामांना उडायला तब्येतीची हरकत नाही, अशा डॉक्टरी प्रमाणपत्राची प्रत पाठवा.”

हप्ता सध्याच्या जेमतेम सव्वापट होता. दहा मिनिटांचं बोलणं! दोन महिन्यांपूर्वी कुणाला तरी हे विचारावं, असं त्याला सुचलं नव्हतं. त्याने फक्त स्वस्त कसं होईल एवढंच विचारलं होतं.

शनिवारी दुपारी तो जवळजवळ धावतच हँगरमध्ये गेला. मामा स्टुलावर बसून पाने पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवत होते.

“मामा, तुमच्या डॉक्टरी प्रमाणपत्राची प्रत द्या. विम्याला हवीय.”

“ते नाही आता.”

“नाही म्हणजे?”

“मंगळवारी डॉक्टरकडे गेलो होतो. म्हटलं, भाच्याला ऐकू येणारा दोष मला दोन महिने ऐकू येत नाही. त्यांनी तपासलं, वयाच्या मानाने चांगलं आहे म्हणाले. मीच म्हटलं, नको. ज्याला स्वतःच्या इंजिनाचा आवाज कळत नाही, त्याने वर जाऊ नये. देऊन टाकलं परत.” ते हसले. “बरं झालं तू होतास. एखाद्या दिवशी तुला घेऊन पडलो असतो.”

कवळीवाला खाली फरशीवर बसला आणि सगळं ओकला: हप्ता, सातवा एजंट, काढलेलं नाव, पहिली थाप आणि नंतरच्या सगळ्या. “दोष नव्हताच, मामा. कधीच नव्हता. तुमचे कान ठणठणीत आहेत. मारा मला, पण प्रमाणपत्र परत घ्या.”

मामांनी मारलं नाही. हातातला पाना पेटीत ठेवला.

“नाव काढायचं होतं तर सांगायचंस. मी भांडलो असतो तुझ्याशी. कडाकडा भांडलो असतो. ते तरी करू द्यायचंस.”

“चुकलो, मामा.”

“चालू कर.”

त्याने विमान दारापर्यंत ढकललं, इंजिन चालू केलं, उजव्या मॅग्नेटोवर टाकलं. आवाज एकसारखा, स्वच्छ. मामा पंखापाशी मान तिरकी करून उभे राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. मग त्यांनी हाताने बंद कर म्हणून खूण केली.

“ऐकलंत ना?” तो खाली उडी मारून म्हणाला. “साफ आहे ना?”

मामा इंजिनावर हात ठेवून उभे होते.

“नाही रे, भाचेराव. इतके दिवस शोधत होतो, तेव्हा नव्हतं येत. आता मला ते अडखळलेलं ऐकू येतंय.”