फिके पडलेले पट्टे

काचेच्या टाकीत नवे पट्टेरी मासे एका कोपऱ्यासाठी झुंजत होते. झुंजता झुंजता त्यांचे काळे पट्टे फिके पडले.

"हेवा वाटला की रंग उतरतो यांचा," सुमन, माझी बायको, म्हणाली.

माणसाचा उतरत नाही, म्हणून त्याचं निभावतं. निवृत्तीनंतर मी दिवसभर घरात असायचो, आणि ही आधीच्या माशांना विचारायची, "जेवलास का रे राजा?" मला नुसतं, "ताट वाढलंय." एकदा जळफळून मी टाकीत मूठभर दाणे ओतले. पाणी नासलं, सगळे मासे मेले. दोष मी नळाच्या पाण्याला दिला.

आज खरं सांगायला तोंड उघडलं, तर तिने दाण्यांची डबी माझ्या हातात ठेवली.

"आजपासून तुम्ही घाला. पण चिमूटभरच हं."