उत्तर न देणारे केमिस्ट्रीचे सर

आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणालाही कशाचं सरळ उत्तर दिलं असेल, असं मला वाटत नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गोंदियात बाकीचे प्राध्यापक नोट्स सांगत आणि पोरं मान मोडून त्या उतरवून घेत. आमचे सर मात्र वर्गात येऊन एखादी अडचण पुढ्यात टाकायचे, आमचे गट पाडायचे आणि म्हणायचे, "सोडवा. शिकणं आपोआप होते." घरीही तीच तऱ्हा. भाजीत मीठ जास्त झालं का, असं काकूंनी विचारलं की म्हणत, "तुला काय वाटते, अन् कशावरून?" फुलचूरला एका लग्नात पंगत खोळंबली, तेव्हा हे वऱ्हाड्यांचेच गट पाडायला निघाले होते. काकूंनी हाताला धरून खाली बसवलं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी विचारलं, "उकड्या तांदळाले वास काऊन येते?" आमचं गाव राइस मिलांचं, पण हा प्रश्न कुणालाच कधी पडला नव्हता. उकडण्याआधी धान भिजवतात, म्हणून आम्ही लॅबमध्ये काही धान गार पाण्यात भिजत घातलं, काही कढत पाण्यात. गार पाण्यातलं असं काही आंबलं की शेजारचा इंग्रजीचा तास उठून पळाला. कढत पाण्यातल्या धानाला मात्र वास नव्हता. उत्तर सापडलं म्हणून आम्ही नाचत होतो, तोच प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले. "सर, ये लॅब है या राइस मिल? यंदा रिझल्ट घसरला, तर पुढच्या वर्षीपासून गुपचूप नोट्स द्यायच्या!"

सरांचा चेहरा एवढासा झाला. तो काही आम्हाला बघवेना. तिरोड्याहून येणारी वंदना म्हणाली, "पाहून का राहिले? गाइड आणा ना बाप्पा!" मग नोट्सचा तिटकारा असलेल्या सरांना वाचवायला अख्ख्या वर्गाने गाइड घोकलं, अगदी स्वल्पविरामासकट. निकाल झकास लागला. प्राचार्यांनी पेढे वाटले आणि सरांचे गट तसेच चालू राहिले.

पुढे सर निवृत्त झाले, तेव्हा आम्ही सारे भेटायला गेलो. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाइड पाठ करून पास झाले ना रे तुम्ही? गाइड विकणारा दुकानवाला माझा शेजारी आहे."

वंदनाच बोलली, "मंग का करतो सर? तुम्हाले नोट्स सांगताना पाहवलं नसतं आमच्यानं."

"मी दिलेल्या अडचणी तर सगळ्याच बॅचनी सोडवल्या," सर म्हणाले. "पण तुम्ही सोडवली, ती मी दिलीच नव्हती."

एवढं बोलून ते चष्मा पुसू लागले, आणि नोकरीधंद्याला लागलेल्या आम्हा सगळ्यांना रडू आवरेना.