धुऊन आणलेली सीलं

मला कोणी विचारलं की तुमचा धंदा काय, तर मी सरळ सांगते: गळकी सीलं का गळली ते शोधायचं, आणि नवीन बसवलेलं किती टिकेल त्याचा अंदाज द्यायचा. बायकांना चटकन कळतं. कुकरची रिंग गेली की बाजूने वाफ येते ना, तसंच. फक्त माझ्या रिंगा गरगर फिरणाऱ्या दांड्यावर बसतात, आणि आतून ॲसिड नाहीतर अमोनिया बाहेर यायला टपलेला असतो. रोडपालीत आमच्या इमारतीखाली माझा गाळा आहे. तिथे एक मायक्रोस्कोप, दोन-तीन भिंगं, चहाची किटली आणि मी, एवढाच पसारा.

आमच्या पनवेल-उरणकडच्या लोकांची एक खोड मला आजवर मोडता आलेली नाही. सील बिघडलं की ते आधी धुतात. साबण लावून, जुन्या टूथब्रशने घासून, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवतात, अगदी आहेर द्यायला आल्यासारखे. “तुमच्याकडं घान कशी आणायची?” म्हणतात. अहो, ती घाणच तर मला हवी असते! काजळी असली तर सील तापलं, चिकटा असला तर तेल जळलं, कचरा असला तर तो कुठून तरी शिरला. सगळं मोरीतून वाहून गेल्यावर मी काय डोंबल बघू? पण हे बोलले की माणसं ओशाळतात आणि पुढच्या वेळी आणखी चकचकीत करून आणतात.

अशीच तीन धुतलेली सीलं घेऊन उरणच्या एका बर्फाच्या कारखान्याची मालकीण माझ्याकडे आली. मासेमारी बंद असते, त्या दिवसांतली गोष्ट. नवरा गेल्यावर हिनेच कारखाना सांभाळलेला. पन्नाशीची, आवाज खणखणीत, बसतानाच खुर्ची पुढे ओढून बसली. अमोनियाच्या कॉम्प्रेसरचं सील सारखं गळत होतं. तीन गेली आणि आता चौथंही गळायला लागलं होतं. नारळी पुनवेनंतर होड्या सुटणार, तेव्हा बर्फ नसेल तर गिऱ्हाईक कायमचं तुटणार.

“माझा दीर हाय ना, त्योच बसवतो,” ती म्हणाली. “पोरगा व्हता तवापासून त्याच मशीनवर हाय. पन आता हात थरथरतो त्याचा. माझा भाऊ बोलतो, बाहेरचा मेकॅनिक आना, याला घरी बसवा. मॅडम, हात चुकतोय ना त्याचा? तुमी हां बोललात का मी सांगून टाकते त्याला.”

मला रागच आला. एका माणसाचं आयुष्यभराचं काम, आणि त्याचा निकाल माझ्या ‘हां’वर! “मी सील बघते, माणसं नाही,” मी फटकन म्हणाले आणि भिंग उचललं.

असलं सील म्हणजे दोन चकत्या, एक कार्बनची, एक पोलादाची. एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागेवर असते. दोघींची तोंडं आरशासारखी घासलेली आणि मधे तेलाचा नावापुरता थर. वाकडं बसवलं असतं तर झीज एका अंगाला जास्त दिसली असती. ठोकून बसवलं असतं तर काठाचा टवका उडाला असता. यातलं काहीच नव्हतं. झिजेवरून बघितलं तर ही सीलं आणखी कित्येक वर्षं आरामात चालायला हवी होती, आणि चालली होती जेमतेम काही आठवडे. मात्र तोंडावर गोल गोल बारीक ओरखडे होते. म्हणजे कसलीतरी पूड दोन्ही चकत्यांमध्ये सापडली होती. पूड कसली, हे सांगायला धुतलेल्या सीलात काय उरणार?

“चौथ्याला कोणी हात लावायचा नाही,” मी बजावलं. “फडकंसुद्धा लावायचं नाही. मी येते आणि माझ्यासमोर खोला.”

गव्हाण फाट्यावरून कंटेनरच्या गाड्यांमागे रखडत मी उरणला पोचले. दीर दारातच उभा होता. बारकेला, डोक्याला टोपी, बोलायला सांगितलं तरच बोलणारा. अमोनिया त्याने आधीच टाकीत ओढून घेतला होता, तरी डोळे चुरचुरत होतेच. त्याचा हात थरथरत होता, ते काही खोटं नव्हतं. पण सील त्याने अगदी अलगद काढलं, कुठे धक्का नाही, घाई नाही. तेव्हाच माझ्या मनाने त्याची बाजू घेतली.

भिंगाखाली ओरखड्यांत लाल काहीतरी दिसलं. गंज असेल म्हटलं, पण गंज तपकिरी असतो आणि हे लालभडक होतं. तेलाची गाळणी उघडायला लावली, ती स्वच्छ. पाइपातही काही नाही. माझं डोकं चालेना, आणि माझं डोकं चालेनासं झालं की मी चिडचिडी होते. चहात साखर जास्त म्हणून उगाच कुरकुर करून घेतली.

शेवटी म्हटलं, नवीन सील तर बसवू, बसवताना बघते. दिराने हात धुतले, कोऱ्या फडक्यावर सील घेतलं आणि नुसताच उभा राहिला.

“बसवा ना,” मी म्हणाले.

“वयनी येऊ दे.”

वहिनी आली, ती चपला बाहेर काढून. हातात कुंकवाचा करंडा. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, बोट कुंकवात बुडवलं आणि थेट सीलच्या चकचकीत तोंडाकडे नेलं.

“अहो, थांबा!” मी एवढ्याने ओरडले की ती दचकून मागे सरली.

मग मी समजावून सांगितलं. दोन्ही चकत्यांमध्ये केसाएवढीही जागा नसते. तिथे चिमूटभर पूड गेली की ती तोंड खरवडते, आणि त्या ओरखड्यांतून अमोनिया वाट काढतो. बसवण्यात काडीचीही चूक नाही. ती ऐकत होती, पण बघत होती बोटावरच्या कुंकवाकडे.

“आमचे ते असताना पन लावायची मी,” ती म्हणाली. “तवा मशीनच्या अंगावर लावायची. ते तेलाच्या फडक्यानं पुसून जायचं. ते गेल्यावर म्हटलं, आत लावू. आत कोन पुसतंय?”

 तिचं कपाळ मी पहिल्या दिवसापासून बघत होते, मोकळं.

ती एकदम दिराकडे वळली. “भावजी, तुमाला कळलं व्हतं?”

“वाटत व्हतं.” त्याने मान वर केली नाही.

“मग बोलला का नाय? मी तुमाला घरी बसवायला निघाली व्हती! सगल्यांसमोर तुमच्या हाताला नावं ठेवली मी!”

त्याने सील फडक्यासकट बाकड्यावर ठेवलं.

“वयनी, दादा गेला त्या दिशी बायांनी तुमचं कपाल पुसलं, तवा मी दारात उभा व्हतो,” तो म्हणाला. “आता हितलं पन पुसा, असं मी कोनत्या तोंडानं सांगू?”

ती तिथेच खाली बसून रडायला लागली. मशीन बंद होतं, त्यामुळे तिचं रडणं पार बर्फाच्या टाक्यांपर्यंत ऐकू जात होतं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मलाही आवरत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने पदराने बोट पुसलं, करंड्याचं झाकण लावलं.

“बसवा, भावजी,” ती म्हणाली. “तसंच बसवा.”