दोन आडव्या रेघा

आमच्या घरात कागदाची एकच बाजू कोरी असायची. दुसऱ्या बाजूला पत्रक. बाबा विमा कंपनीत कारकून होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. जेसल पार्कात राहायला आल्यावर त्यांना पाण्याचा विषयही मिळाला. नळ किती तास येतो, टँकर कुणाच्या फोनवर कुठल्या गल्लीत वळतो, सगळं पत्रकात. शाळेची गणितं मी त्या पत्रकांच्या पाठीवर सोडवली. बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या तळाला ते काढणाऱ्याचं नाव हवंच. नाव नसलेलं पत्रक म्हणजे खिडकीआडून मारलेला दगड, असं ते म्हणत.

अशा घरात वाढल्यावर माणूस बाजू घ्यायला शिकतो. मी तर फारच शिकले होते. बाजू न घेणारी माणसं मला भित्री वाटायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात मी माझं पहिलं पत्रक काढलं ते बास्केटबॉलच्या मैदानासाठी. आमच्या वस्तीतल्या मैदानावर खारी गावातल्या मुली खेळायला यायच्या. त्यांना शिकवणारी ताई खारीचीच. दिवसा एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची आणि संध्याकाळी, बाकीच्यांचं खेळून झालं की उरलेला अर्धा तास मुलींना पळवायची. त्याच मैदानावर मीरा रोडच्या एका अकादमीला फी घेऊन वर्ग चालवायचे होते. मैदानाच्या समितीने तोडगा काढला: मुलींची स्पर्धा घेऊ, जो संघ जिंकेल त्याला वर्षभर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. मला तो तोडगा मुळातच अन्यायाचा वाटला. मी हाताने पत्रक लिहिलं, साठ झेरॉक्स काढल्या, तळाला माझं नाव लिहिलं आणि घरोघरी वाटलं.

दोन दिवसांनी टेबलाचे काका आमच्या दारात आले. मैदानावरच्या स्पर्धांमध्ये टेबलावर बसून वेळेचं काम तेच बघायचे, म्हणून हे नाव. हातात माझं पत्रक होतं.

"मजकूर भडक आहे," ते म्हणाले. "अक्षर बरंय. स्कोअर लिहायला येशील का?"

काका रत्नागिरीकडचे. निवृत्त होईपर्यंत औषधांच्या कंपनीत टाइमकीपर होते, म्हणजे कामगार किती वाजता आत आला ते लिहिणारे. बाबांच्या पत्रकांत टाइमकीपर हा मालकाचा माणूस असायचा. मी त्यांना ते तोंडावर ऐकवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले की त्या नोकरीत त्यांनी स्वतःलासुद्धा दोनदा उशीर मांडला होता. बाबा आतून हसले. मी नाही हसले, पण टेबलावर जायला लागले.

ते टेबल म्हणजे एक घडीचं लोखंडी टेबल, पाय डुगडुगू नये म्हणून खाली पुठ्ठा. त्यावर काकांची दोन स्टॉपवॉच, एक पितळी हातघंटा आणि माझा स्कोअरशीट. एक स्टॉपवॉच खेळाचं. शिट्टी झाली की बंद, आत टाकलेल्या चेंडूला खेळाडूचा हात लागला की चालू. दुसरं टाइम-आउटचं. संघाने तो मागितला की मी घंटा वाजवून पंचांना कळवायचं; तो एका मिनिटाचा, आणि पन्नासाव्या सेकंदाला पुन्हा घंटा वाजवून संघांना मैदानात बोलवायचं. पहिल्या आणि तिसऱ्या डावाला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ. टाइम-आउट घेतला की त्याच्या चौकटीत कितवं मिनिट ते लिहायचं. न वापरता वाया गेलेल्या चौकटीत दोन आडव्या रेघा. आणि सामना संपला की तळाला आमच्या दोघांच्या सह्या. ते पाहून मला बरं वाटलं होतं. इथेही नाव लागत होतं.

काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, टेबलाला बाजू नसते. मी म्हटलं, बाजू सगळ्यांनाच असते, काही जण लपवतात. "मग लपव," ते म्हणाले, आणि घड्याळ पुसायला लागले.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी मी काकांशी इतकं भांडायचे की समोर सराव करणारी पोरं थांबून ऐकायची. ते बटव्यातून बडीशेप काढून आधी माझ्या हातावर ठेवत आणि मगच मला चूक ठरवत.

अंतिम सामना खारी विरुद्ध अकादमी असाच झाला. अकादमीच्या मुलींना एकसारखे बूट होते. खारीच्या दोघींनी एकमेकींशी बदलून घातले होते, कारण एकीला ते मोठे होत होते. चौथा डाव सुरू व्हायच्या आधी ताई टेबलापाशी आली.

"टाइम-आउट किती हायत गो माझे?"

सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्याला तीन मिळतात, तिन्ही शिल्लक, मी सांगितलं. ते खरं होतं. पण नियमाचा एक पोटनियम आहे. शेवटची दोन मिनिटं राहिली आणि तोवर संघाने तिन्हींपैकी एकही घेतला नसला, तर एक आपोआप बाद होतो. शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात. त्या क्षणी स्कोअर लिहिणाऱ्याने एका चौकटीत दोन आडव्या रेघा मारायच्या आणि प्रशिक्षकाला कळवायचं. ताईला नियम माहीत होता. पण सामना तापलेला असताना मोजायचं काम टेबलाचं, हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

दोन मिनिटं राहिली तेव्हा काका नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "दोन मिनिटं." त्याच क्षणाला खारीच्या उंच मुलीने बास्केट मारली आणि खारी एका गुणाने पुढे गेली. मी उभी राहिले. टाळ्या वाजवल्या. पेन टेबलाखाली पडलं.

"टेबल टाळ्या वाजवत नाही," काका म्हणाले.

मी लाजून पेन शोधलं, आकड्यावर तिरकी रेघ मारली. आडव्या रेघा राहिल्या.

पुढे ताईने एक टाइम-आउट घेतला. मग अजून एक. मी दोन्ही चौकटी भरल्या. कधी अकादमी एकाने पुढे, कधी खारी. चौदा सेकंद राहिले असताना अकादमीने बास्केट मारली आणि खारी एका गुणाने मागे पडली. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबतं, तसं काकांनी ते थांबवलं. ताईने दोन्ही हातांनी टाइम-आउटची खूण केली. मुली बाकाकडे चालायला लागल्या. उंच मुलीला धाप लागली होती, ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. टाइम-आउट मिळाला असता तर तिला एक मिनिट श्वास मिळाला असता, शिवाय नियमाप्रमाणे चेंडू मागच्या बास्केटखालून आणायच्या ऐवजी थेट मैदानाच्या पुढच्या अर्ध्यातून टाकता आला असता.

मी घंटा उचलली. चौकटीत मिनिट लिहायला खाली पाहिलं. आधीच्या दोन चौकटींत माझ्याच अक्षरात होतं: नऊ, दहा. डाव दहा मिनिटांचा, म्हणजे दोन्ही शेवटच्या दोन मिनिटांतले. तिसरी चौकट कोरी. ती कोरी असायला नको होती.

हे फक्त मला दिसत होतं, आणि काकांना. काका हातातल्या घड्याळाकडे बघत होते. ते थांबलेलं होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मला आजही वाटतं, त्यांनी ओरडायला हवं होतं. माझं काम सोपं झालं असतं.

डोक्यात सगळी पत्रकं एकदम बोलत होती. दोन संध्याकाळी. फी घेणारी अकादमी. बदललेले बूट. घंटा वाजवली असती तर ती माझ्या मते न्यायाच्या बाजूने वाजली असती. पण मग त्या शीटवर खोटी चौकट राहिली असती आणि तळाला माझी सही.

पंच टेबलाकडे आले. "टेबल, टाइम-आउट है क्या?"

"नहीं है, सर. खतम हो गया. बताना था, मैंने नहीं बताया. गलती मेरी है."

त्यांनी खांदे उडवले आणि मुलींना परत बोलावलं. मी घंटा खाली ठेवली आणि तिसऱ्या चौकटीत दोन आडव्या रेघा मारल्या. चौदा सेकंदांत उंच मुलगी अर्ध्या मैदानापर्यंत पोचली आणि तिथून तिने चेंडू फेकला. तो रिंगवर बसला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि बाहेर पडला.

शीटच्या कार्बनप्रती निघतात आणि हरलेल्या संघाला सगळ्यात खालची, फिकट प्रत मिळते. त्यावरही मी कधीतरी पत्रक काढणार होते. ताईने ती प्रत उन्हाकडे धरून वाचली. आकडे जेमतेम दिसत होते. दोन रेघा तेवढ्या ठळक होत्या, इतकं दाबून मी मारल्या होत्या.

"ह्या तवाच मारल्या असत्या तर मी एक राखून ठेवला असता," ती म्हणाली. मग ती मुलींना घेऊन खारीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, का चुकलं. टाळ्यांचाही उल्लेख केला. झेरॉक्स काढायच्या आधी काकांना दाखवलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि 'आपल्या खारीच्या संघाचं नुकसान झालं' या वाक्यातला 'आपल्या' खोडला. मग तळाला, माझ्या नावाखाली, स्वतःचं नाव लिहिलं.

"तुमची चूक नव्हती," मी म्हटलं.

"दोन मिनिटं मी ओरडलो. रेघा मारल्यात का ते बघितलं नाही. शीटवर सही दोघांची आहे."

पत्रकाने काही बदललं नाही. दोन संध्याकाळी अकादमीला गेल्या. ताईने कारखान्याच्या गेटवर उभं राहून ते वाचलं, घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि विचारलं, "सकालचं मैदानात कोन येतं?" कोणी नाही, मी म्हटलं. "मंग आमी येऊ. तू घड्याल घेऊन ये."

ते वर्ष मला अजून वासासकट आठवतं. सकाळी सहाला खाडीकडून येणारा खारट वारा, दवाने ओलं झालेलं सिमेंट, ताईचा गळ्यात अडकवलेला कारखान्याचा पास, आठच्या पाळीला पोचायची तिची घाई. काकांनी मला त्यांचं एक घड्याळ दिलं होतं. मी चौदा सेकंद लावायचे आणि मुली मागच्या बास्केटखालून पळत सुटायच्या. पुन्हा चौदा. पुन्हा. टाइम-आउट नाही असं धरूनच. त्या सकाळी मी टाळ्या वाजवायचे, कारण टेबल नव्हतं.

काका आता गावी असतात. मैदानावर विजेवर चालणारा फलक आलाय आणि टेबलावर टॅब. दोन मिनिटं राहिली की तो टाइम-आउट स्वतःच कमी करतो. मी अजून रविवारी बसते, शेजारी कागदाचा शीटही ठेवते. दोन मिनिटं राहिली की रेघा मारायच्या असोत वा नसोत, मी पेन उंच धरते आणि दोन्ही बाकांकडे बघते. नवी मुलं हसतात, म्हणतात, फलकावर दिसतंय की. दिसतं.

खारीच्या बाकावर अजून ताईच असते. ती फलकाकडे बघत नाही. माझ्या पेनकडे बघते, मान हलवते, आणि मगच मुलींकडे वळते.