कुऱ्हाडीची खंडेनवमी

माझ्या हातात पहिल्यांदा कुऱ्हाड आली ती पन्नाशीत. तीही समुद्री चाच्याची आणि टीव्हीच्या पडद्यावर. लेक जर्मनीला शिकायला गेली आणि फोनवरचं आमचं बोलणं "बरी आहेस?" "हो." "जेवलीस?" "हो." एवढ्यावर येऊन थांबलं. शेवटी मी तिच्याच गेममध्ये शिरले. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी मिळून जुन्या काळातली जहाजं लुटू लागलो.

तिनं तलवार घेतली, मी जहाजी कुऱ्हाड. आखूड दांडा, एका बाजूला पातं, मागे अणकुचीदार टोक. दोर तोडा, दार फोडा, शत्रूच्या जहाजावर चढताना लाकडात रुतवा. आमच्या कोपऱ्यावरचा शहाळेवाला कोयता चालवतो तशीच मी ती चालवते, फक्त त्याचा नेम चुकत नाही.

"अम्मा, तो आपला माणूस होता!" लेक ओरडते. ओरडता ओरडता तिच्या तोंडून बाकीचंही निसटतं: शेजारच्या खोलीतली मैत्रीण, करपलेला भात. पण ती तिथे सुखात आहे का, हे काही निसटेना. मला तर तेवढंच हवं होतं. नाहीतर मारामारीशी माझं काय देणंघेणं!

यंदा खंडेनवमी नेमकी रविवारी आली. मी साताऱ्याची, सासर तंजावरी मराठी. सासूबाईंच्या राज्यात त्या दिवशी घरातली झाडून सारी हत्यारं देवापुढे बसतात: विळी, इस्त्री, सासऱ्यांचा चष्मासुद्धा. संध्याकाळी बघते तर गेमचा कंट्रोलर चंदन-कुंकू लावून मधोमध!

"आई, मला तो आत्ता हवाय," मी सासूबाईंना म्हटलं.

"अय्यो, पूजेतलं आयुध आज उचलतात का ग? तुझी कुऱ्हाड त्यातच ना? उद्या घे."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. चडफडत लेकीला फोन लावला.

"आज जमायचं नाही ग. आजीनं कंट्रोलर पूजेत ठेवलाय."

ती हसेल असं वाटलं. घरी असताना पूजेला हाक मारली की नाक मुरडायची.

"मीपण ठेवलाय," ती म्हणाली. "कुंकू नव्हतं, हळद लावली."

आज लुटायला जहाज नाही, ओरडायला कारण नाही.

"अम्मा, मला इथे अजिबात करमत नाही ग."

"सांग," मी म्हटलं, आणि देवापुढेच फतकल मारून बसले.